गंगाराम पाडेलीचा डावा पाय

माणसाचा तळपाय दुसरं कोणी बघत नाही. तोंड बघतात, गळ्यातली चेन बघतात, कुणाच्या दारात कुणाची मोटारसायकल उभी आहे ते तर डोळे फाडून बघतात. तळपाय बघायचा तर समोरचा आडवा पडलेला लागतो, आणि आमच्याकडे आडव्या पडलेल्या माणसाकडे लोक तो मेल्यावरच नीट बघतात. अनुजाने आपल्या बापाचा तळपाय बघितला तो केवळ गावपळण होती म्हणून.

काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तीन दिवसांनी देवाने पुन्हा कौल दिला की परत यायचं. शहरातले लोक गाड्या घेऊन येतात, श्रद्धा की अंधश्रद्धा यावर व्हिडिओ करतात आणि आमचेच वडे-सागोती खाऊन जातात. जाऊ देत. त्या तीन दिवसांत माळावर माडाच्या झावळ्यांच्या, म्हणजे चुडतांच्या, झोपड्या उभ्या राहतात आणि ज्याच्याशी वर्षभर बांधावरून भांडण त्याच्याच शेजारी झोपावं लागतं, एवढं तरी त्यात चांगलं आहे.

झोपड्या आखूड आणि माणसं लांब. दुपारी जेवून सगळे कलंडले की डोकी सावलीत आणि पाय बाहेर उन्हात. अनुजा ओढ्यावरून पाण्याची कळशी घेऊन त्या पायांच्या रांगेतून चालली होती. बापाच्या पायांपाशी ती थांबली.

डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळपायाचा जो उंचवटा असतो त्यावर, मोठ्या करवंदाएवढा डाग. एका बाजूला काळा कुळकुळीत, दुसरीकडे तपकिरी. काठ पाण्यात शाई सांडावी तसे पसरलेले, आणि मध्ये ओली गुलाबी जखम.

"बाबा, ह्यां काय?"

"खंय काय?"

"तुझ्या पायार."

गंगारामने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बिब्बो. तुझ्या आवशीक विचार."

आई, म्हणजे सुभद्रा, तीन दगडांच्या चुलीवर सुका बांगडा भाजत होती. ती तिथूनच म्हणाली, "कुरूप झालेला तेका. बिब्बो तापवन लावलंय. तो उतलो. तेचो डाग तो."

"कधी?"

"गेल्या गावपळणीच्या वर्साक."

"आये, चार वर्सां झाली! बिब्ब्याचो डाग चार वर्सां ऱ्हवता? कातडी महिन्याभरात नवीन येता गो."

"माका काय म्हायत? काळो होतो, काळोच ऱ्हवलो."

चूक झाली ती इथे. बिब्बा लावला की कातडी जळून काळी पडते, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणून नंतर त्याच जागी दुसरं काळं काही उगवलं तर ते कुणाला दिसतच नाही. बिब्ब्याने हा रोग आणला नाही. बिब्ब्याने त्याला लपायला जागा दिली.

आणि गंगारामचा पाय म्हणजे साधा पाय नव्हे. तो पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. माडाच्या खोडात कोयत्याने खाचा पाडलेल्या असतात, त्यांच्या कडेवर अनवाणी पाय रोवून वर जायचं. प्रत्येक खाचेवर आधी डावा पाय, आणि सगळा भार त्याच उंचवट्यावर. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला होता. गावातले निम्मे माड त्या एका उंचवट्याने चढलेले.

"मधी ही जखम कसली?" अनुजाने विचारलं.

"गुरुदासान ब्लेडान खरवडल्यान. दोनदा."

गुरुदास शेजारच्याच झोपडीत होता. बाजारातल्या एका डॉक्टरकडे हा पूर्वी कंपाउंडर होता. डॉक्टर मुंबईला गेला, जाताना खुर्ची आणि स्टेथोस्कोप इथेच राहिला, आणि खुर्चीवर बसून बसून गुरुदास डॉक्टर झाला. आमच्या गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सुई टोचताना हात हलका आहे म्हणून कौतुक.

आवाज ऐकून तो लुंगी सावरत आला.

"गुरुदासकाका, तुमी खरवडल्यात ता तपासूक खंय पाठवल्यात?" अनुजाने विचारलं.

"पाठवूचा कित्याक? कचऱ्यात टाकलंय. बिब्ब्याची खपली काय आता मुंबैक पाठवूची?"

"ता बिब्ब्याचा नाय. माका भय वाटता, ह्यो कॅन्सर आसा. मेलानोमा म्हणतत. रंगाच्या पेशींचो."

चुलीवरचा बांगडा करपला.

"वायच दमान घे गो बाय," गुरुदास हसला. "मूत तपासणाऱ्यांनी पायात बघू नये."

आजूबाजूचे पाय आखडले, डोकी बाहेर आली आणि लोक खो खो हसले. त्याचं असं होतं की अनुजा पुण्यात लॅबमध्ये आहे एवढंच सुभद्राने गावात सांगितलं होतं, आणि लॅब म्हटल्यावर गावाला एकच गोष्ट कळते. खरं म्हणजे अनुजा काचेच्या बशीत कातडीच्या पेशी वाढवायची. त्यांच्यामध्ये कॅन्सरची पेशी सोडायची. मग शेजारच्या पेशी एकमेकींना किती जोराने धरतात, ओढतात, ढकलतात, ते मोजायची. पेशींच्या या ओढाताणीने कॅन्सर वाढतो की अडतो, हा तिचा अभ्यास. गावाला हे समजावून सांगायचं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. आज तिचा तोच न सांगितलेला अभ्यास तिच्या बापाच्या पायाला येऊन चिकटला होता.

"बाबा, प्रिन्सी आसा मां, माझ्या वर्गातली? ती गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आसा. ह्योच आजार बघता. आपण आजच जावया."

गंगाराम आता उठून बसला. "तपासूक गेल्यार कापतत. आपल्या गावचो इनास दोन पायांनी गेलो आणि येताना एका पायार इलो."

"इनासाक साखर होती."

"साखर होती, पण पाय तर होतो मां!"

"बाबा!"

"ह्या बघ. माझो पाय गेलो तर माका माड गेले. जमनीर बसान माशी मारणारो गंगाराम तुका व्हयो? माका नको. देवाचो कौल होवंदे, नारळ उतरवन होवंदेत, मगे बघू."

हे 'मगे बघू' आमच्याकडचं सगळ्यात जहाल विष. बिब्ब्यापेक्षा जास्त माणसं त्याने मारलीत. अनुजाला पक्कं कळत होतं की मागून हा माणूस कधीच येणार नाही. नारळ उतरवून झाले की आंबे, आंबे झाले की पाऊस, आणि पावसात तो डाग पायातून निघून कुठे पोचला असेल ते सांगता येणार नाही. न्यायचं तर इथूनच, या माळावरूनच.

ती रडली नाही. रडून गंगाराम हलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

ऊन कललं तशा बाया माळावर जमल्या. गावपळणीत फुगडी होणारच. लक्ष्मीकाकी आणि तिची सून नम्रता, दोघींनी रिंगण धरलं, आणखी बाया आल्या. गंगाराम काजूच्या झाडाखाली गजाली मारत बसला होता. अनुजा त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, तुझ्यात जोर आसा काय?"

"कसलो जोर?"

"ह्या बायांच्या रिंगणात जा. आणि बाहेर येवन दाखव."

पुरुष मंडळी ओरडली. "जा रे गंगाराम! नव्या सुना धरून ठेवतीत तुका!"

"हेंका माझी तीन बोटां पुरे," म्हणत गंगाराम वाकून हातांखालून रिंगणात शिरला. माडासारखा उंच, खांदे ताशीव.

"आता काकी," अनुजा म्हणाली, "हात नको, मनगटां धरा एकमेकींची. आणि आत ओढा. रिंगण बारीक करा. सोडू नको हां."

बायांनी ओढलं. रिंगण आवळत गेलं. गंगारामने आधी हसत हसत एका जागी धक्का दिला. नाही. दुसऱ्या जागी दिला. जिथे तो ढकले तिथल्या दोघी मागे झुकत, पण बाकीच्यांचा ताण त्यांना परत आत खेचून आणी. त्याला कोपरं उचलायलासुद्धा जागा उरली नाही. घामाने निथळला. दोन पायांवर निम्म्या गावाचे नारळ उतरवणारा माणूस बायांच्या मनगटांत अडकून पडला आणि माळभर शिट्ट्या.

"शिरा पडो तुमच्या तोंडार! सोडा गो!"

"कसलो सोडतंय! वर्साचा उट्टा काढतंय आज," लक्ष्मीकाकी म्हणाली.

मग अनुजाने जमिनीवरची एक फुटकी करवंटी उचलली. लक्ष्मीकाकी आणि नम्रता यांची मनगटं जिथे गुंफली होती तिथे करवंटीची कड टेकवली आणि दाबून घासली. उचलली, परत दाबली. परत. एकाच जागी.

"आयाऽ! काय करतस गो चेडवा?"

"धरून ऱ्हव काकी. सोडू नको."

काकी चिवट बाई, तिने दात खाऊन धरलं. पण कड पुन:पुन्हा तिथेच बसत होती. बोटं ढिली झाली, मनगट निसटलं, आणि त्या फटीतून गंगाराम खांदा घालून बाहेर सुटला तो थेट माळाच्या टोकापर्यंत धावत गेला. तिथून दोन्ही हात वर करून ओरडला, "आता धरा बघया माका! कोण धरता तां बघतंय!"

सगळे हसत होते. अनुजा हसत नव्हती.

"कोण धरतलो बाबा?" ती तिथूनच म्हणाली. "मागे कोणच नाय."

गंगारामचे हात हळूहळू खाली आले. तो चालत परत आला.

"ह्यां काय होता, अनू?"

"ह्यां माझा काम. पुण्यात मी ह्यांच बघतंय. कातडीत पेशी अश्योच एकमेकींका धरून ऱ्हवतत. मधी एखादी वायट झाली तरी बाकीच्यो तिका आवळून ठेवतत. ती तळमळता, ढकलता, पण बाहेर पडूक गावणा नाय. मगे एकाच जागेर कड लागत ऱ्हवली, लागत ऱ्हवली, की पकड ढिली होता. फट पडता. एकदा बाहेर पडली की आधी जांघेतल्या गाठीत, थंयसून रगतातसून फुप्फुसात. मगे तिका धरूक कोण नाय."

गंगारामने लक्ष्मीकाकीचा हात धरून मनगट वर केलं. करवंटीचा लाल वळ उठला होता. खाचेची कड म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"किती वेळा घासलस?" त्याने विचारलं.

"तू माड चढलस तितके वेळा न्हय."

"माझ्या पायात ह्यांच झाला?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. एका होकारात बाप गाडीत बसला असता. अनुजा खोटं बोलली नाही. "ता माका म्हायत नाय. मी बशीत बघितलाय, माणसाच्या पायात नाय. पायार जंय भार पडता थंयच ह्यो आजार जास्ती गावता, इतका डॉक्टरांनी बघितल्यानी. तुझ्या पायातली पकड सुटली की अजून आसा, ता कापून बघितल्याशिवाय देवाकव कळाचा नाय."

"सुटली नसली तर?"

"तर डाग काढतले. पाय ऱ्हवतलो."

"आणि सुटली असली तर?"

"तर तू वाचूक व्हयो. पायाचा मगे."

गुरुदास मागून मोठ्याने म्हणाला, "फुगडी खेळान कॅन्सर कळूक लागलो तर डॉक्टरांनी झिम्मो घालूचो काय? काय पण पुण्याची शाळा!"

एक-दोघे हसले. गंगाराम त्याच्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"गुरुदास, तू माझो पाय दोनदा खरवडलस. एकदा तरी तुका भय वाटला?"

"भय कसला? साधो डाग तो."

"ह्या चेडवाक एकदा बघून भय वाटला. माका भय वाटणारो डॉक्टर व्हयो. तू घराक जा. नाय, घराक पण जाव नको, गावपळण आसा. झोपडीत जा आणि लुंगी नीट बांध."

या वेळी हसला तो अख्खा माळ.

कौल व्हायच्या आधी निघायचं म्हटल्यावर कुणीतरी कुरकुर केलीच. त्यावर देवाच्या मानकऱ्यांपैकी जो सगळ्यात म्हातारा, तो तंबाखू थुंकून म्हणाला, "देवान गावात येव नको म्हटल्यान. गोव्याक जाव नको असा खंय म्हटल्यान?" इनासचा मुलगा मॅक्सवेल गाडी घेऊन आला. एक पाय गमावलेला इनास स्वतः पुढच्या सीटवर बसून होता. "चल रे गंगाराम," तो म्हणाला, "तुका सोडूक मी येतंय. माझ्यासारखो उशीर करू नको."

हॉस्पिटलात प्रिन्सीने गंगारामचा पाय मांडीवर घेतला आणि भिंगाचं यंत्र त्यावर टेकवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग अनुजाला म्हणाली, "ये, तू पण बघ." तळपायाच्या कातडीला शेतासारखे वाफे आणि सऱ्या असतात. साध्या तिळाचा रंग सऱ्यांत उतरतो. गंगारामच्या पायात तो वाफ्यांवर चढून बसला होता. प्रिन्सीने तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. कचऱ्यात नव्हे. उत्तर आलं ते अनुजाच्या भीतीला धरूनच आलं: मेलानोमा.

सुभद्राने बातमी ऐकून स्वतःच्या हातांकडे बघितलं. "माझ्या हातान लावलंय मी बिब्बो."

"आये, बिब्ब्यान झाला नाय ह्यां," अनुजा म्हणाली. "तुका कोणी दाखवूकच नाय, काळ्यात काळा कसा ओळखूचा ता. शिकलेल्यांनी सांगूक व्हया होता. मी पण धरून."

ऑपरेशन झालं. डाग आणि त्याच्या भोवतालची चांगली कातडी काढली, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतली गाठ तपासायला घेतली. मग वाट बघणं. ते दिवस अनुजाने कसे काढले ते तिलाच माहीत. पकड सुटली की राहिली, या एका गोष्टीवर तिने पुण्यात कितीतरी तक्ते काढले होते, भरसभेत दाखवले होते. आता तोच प्रश्न बापाच्या नावाने काचपट्टीवर बसला होता आणि तिच्या हातात काही नव्हतं.

प्रिन्सी जवळजवळ धावतच आली. तिने अनुजाला ओढत सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. अनुजाने डोळा लावला. काळ्या पेशी होत्या. पुष्कळ होत्या. वरच्या थरात आडव्या पसरल्या होत्या, दाटीवाटीने, जमेल तिथे घुसलेल्या. पण खालची जमीन त्यांनी ओलांडली नव्हती. एक-दोन ठिकाणी तेवढं वाकून बघितलं होतं.

"एक मिलिमीटरसुद्धा खोल नाही," प्रिन्सी म्हणाली. "मधली जखम त्या ब्लेडवाल्याची. गाठ स्वच्छ. कडा स्वच्छ. अनुजा, ऐकतेस ना? पाय राहिला. अंगठा पण राहिला."

शेजारच्या पेशींनी धरून ठेवलं म्हणून वाचला, की नुसतं नशीब? त्या एका पट्टीवरून ते सांगता येत नव्हतं आणि अनुजाने सांगितलंही नाही. ती नुसती खाली बसली, फरशीवर, आणि मोठ्याने, गावातल्या बायका हसतात तशी, तोंडावर हात न धरता हसली. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावून बघितलं. बघू दे की.

गुरुदासची पाटी उतरली. देवाने उतरवली नाही. अनुजाने तक्रार लिहिली, खाली गंगारामने सही केली, त्याखाली लक्ष्मीकाकीने, आणि मग ज्यांची नावं कधी कुठल्या अर्जाखाली दिसली नव्हती अशा बायांनी. तपासणीला माणसं आली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. स्टेथोस्कोप तेवढा खिळ्याला लटकत होता.

लावलेली कातडी रुजली, टाके निघाले, तरी कितीतरी दिवस पाय टेकायला बंदी होती. गंगारामने शिव्या देऊन वॉर्ड डोक्यावर घेतला होता. शेवटी एका सकाळी प्रिन्सी म्हणाली, "काका, आज टेकून बघा. भिंतीला धरून."

"भिंतीक धरूक मी काय पाल?"

"बरं, मग काकींना धरा."

"तिका धरून संसार केलंय, आता चालाक पण तिकाच धरू?" पण त्याने एकदा सुभद्राकडे बघितलं. सुभद्रा पदर तोंडात धरून उभी होती.

त्याने डावा पाय खाली ठेवला. आधी टाच. मग हळूच पुढचा भाग. चेहरा वाकडा झाला, एक कचकचीत शिवी बाहेर पडली, ती इथे लिहिता येण्यासारखी नाही. अनुजाने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्यावर आला. अंगठा पांढरा पडला, बोटांनी फरशी धरली, आणि तो माणूस सरळ उभा राहिला.

"काका, अनवाणी माडावर मात्र आता कधीच नाही हां," प्रिन्सी म्हणाली. "दर काही महिन्यांनी तपासायला यायचं. पायाला कड लागू द्यायची नाही."

"बूट घालान चढतलंय. चढूचा यंत्र गावता आता. माड काय माझ्या पायात बघूक येता?"

"आधी चालून दाखवा."

तो चालला. वॉर्डच्या दारातून बाहेर, बाकांवर बसलेल्या पेशंटांच्या समोरून, लंगडत, पण मान ताठ. चार पावलांवर सुभद्रा, तिच्या मागे अनुजा. कॉरिडॉरच्या टोकाला जिना होता. प्रिन्सी मागून ओरडली, "काका, जिना नको! लिफ्ट आहे!"

गंगाराम थांबला. जिन्याकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं, आणि मागे न वळता म्हणाला, "लिफ्टीन रोगी जातत."

आणि आधी डावा पाय टाकून तो जिना उतरू लागला.